अधिक अकरा

किस्से लिहून ठेवायला माझ्याकडे वेगळी वही नाही, आणि तिची गरजही पडत नाही. आमचे सगळे किस्से कोडमध्येच पडून आहेत. एखादी ओळ अशी दिसली की जिचं तिथे काही काम नाही, आणि शेजारी कुणीतरी 'काढू नये' असं लिहून ठेवलंय, तर समजावं की इथे एकदा काहीतरी घडलं होतं. अशा ओळी दरवर्षी वाढतात, कमी होत नाहीत. मला त्या बघवत नाहीत. आई म्हणते, ह्या मुलीच्या पायाला भिंगरी आहेच, वर हातही जागेवर राहत नाहीत. खरं आहे ते.

आम्ही म्हणजे तिघं. विनू परब, बर्वे काका आणि मी, केतकी. तिघं मिळून 'घटका' नावाची एक लायब्ररी सांभाळतो. पुस्तकांची नव्हे. आज तिथी कुठली, सूर्य कधी उगवणार, चंद्र कधी, हे गणित करून देणारा तो तयार कोड आहे. ज्याला ॲप बनवायचंय त्याने तो उचलावा आणि आपल्या कामात जोडावा, फुकट आणि न विचारता. विनूने कॉलेजात असताना तो लिहिला. मी गिरगावातून मागाहून येऊन चिकटले. बर्वे काका रिटायर झालेत, दादरला राहतात. त्यांना प्रोग्रामिंग येत नाही, पण पंचांग येतं, आणि चूक दिसली की त्यांना जेवण जात नाही. दर रविवारी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर आमचं ऑफिस भरतं.

'न विचारता' या शब्दातच सगळी गोम आहे. घटका कुणी, कुठे जोडलीय हे आम्हाला कळतच नाही. नवी आवृत्ती काढून त्यात काही बदललं, की कुठेतरी कुणाचं तरी काहीतरी मोडतं, आणि मग तो माणूस आम्हाला कळतो. विनूचं म्हणणं असं की जुन्यावर जे चालत होतं ते नव्यावरही चाललंच पाहिजे. माझं म्हणणं, मग नवं काढायचंच कशाला? या एका भांडणात आमची सहा वर्षं गेली.

*

पहिला प्रताप माझाच. 'आज संकष्टी आहे का' असं विचारलं, तर असेल त्या दिवशी घटका 'हो' म्हणायची आणि नसेल त्या दिवशी काहीच म्हणायची नाही. मला ते असभ्य वाटलं. कुणी विचारलं तर 'नाही' तरी म्हणावं! मी ते सुधारलं. आता रोज स्वच्छ उत्तर यायला लागलं, 'हो' नाहीतर 'नाही'. विनू म्हणाला होता, राहू दे ना तसंच. मी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी लालबागहून एका मोदकवाल्यांचा फोन आला. त्यांच्या दुकानावर दिव्यांची पाटी आहे, 'आज संकष्टी, उकडीचे मोदक मिळतील'. ती पाटी आमच्या लायब्ररीवर चालते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ज्याने ती बनवली त्याने साधा विचार केला होता. उत्तर आलं की दिवे लावायचे, नाही आलं की बंद. आता उत्तर रोज येत होतं. 'नाही' हेसुद्धा उत्तरच की! पाटी चार दिवस पेटलेली होती.

मी घाईघाईने माफी मागितली आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते म्हणून शब्द दिला. मग ते गृहस्थ जरा चाचरत म्हणाले, "ताई, रविवारपर्यंत थांबलं तर नाही का चालणार? चारही दिवस मोदक संपलेत. आज संकष्टी कशी, असं एकानेही विचारलं नाही."

विनूने त्याच दुपारी घटकाची जुनी गप्प बसायची सवय परत आणली. मोदकवाले नाराज झाले ते झालेच.

*

विनू असा का आहे हे मला करी रोडला त्याच्या घरी गेल्यावर कळलं. त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यालाही आता काही वर्षं झाली. पण लॉबीत वॉचमनच्या टेबलावर काचेखाली एक कागद आहे. डावीकडे चाळीतल्या खोल्यांचे नंबर, उजवीकडे नवे फ्लॅट. गावाहून येणारा माणूस अजून 'तिसरा माळा, सत्तेचाळीस नंबर' असंच विचारत येतो, आणि वॉचमन त्याला न हसता बाविसाव्या मजल्यावर पाठवतो. वॉचमन नोकरीला लागला तेव्हा चाळ पडलेली होती. त्याने ती पाहिलेलीच नाही.

मी म्हटलं, किती दिवस चालवणार हा कागद? विनू म्हणाला, "शेवटचा माणूस विचारत येईपर्यंत." आणि लिफ्टचं बटण दाबलं. त्याच्यापुरता विषय संपला होता.

*

तरी मी त्याला एका गोष्टीला तयार केलं. मुहूर्त काढायची एक फार जुनी पद्धत बंद करायची, पण आधी वर्षभर सांगून. जो कुणी ती वापरेल त्याला एक सूचना दिसेल, 'ही पद्धत जुनी झाली आहे. लवकरच बंद करण्यात येईल.' सूचना प्रोग्रामरने वाचायची, आपल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात. बाहेर कुणाला दिसायचं कारण नव्हतं, निदान अशी माझी समजूत होती.

परळच्या एका गुरुजींनी बर्वे काकांना गाठलं. गुरुजींचं एक ॲप आहे, त्यातून यजमानांना आपोआप निरोप जातो. सात जणांना गेलेला निरोप त्यांनी वाचून दाखवला. श्रीसत्यनारायण पूजा, अमुक वार, मुहूर्त सकाळी साडेनऊ, आणि त्याच्याच खाली, 'ही पद्धत जुनी झाली आहे. लवकरच बंद करण्यात येईल.'

गुरुजी चिडलेले नव्हते, हे जास्त वाईट. त्यांना फक्त बंद कोण करणार आहे ते हवं होतं, म्हणजे तिथे जाऊन बोलता आलं असतं. काकांनी शपथेवर सांगितलं की कुणी काही बंद करत नाहीये. फोन ठेवता ठेवता गुरुजी म्हणाले, "एक मात्र झालं हं. सातातल्या तिघांचे लगेच फोन आले, बंद व्हायच्या आत आमची उरकून घ्या म्हणून."

ती पद्धत अजून चालू आहे. शेजारी विनूच्या अक्षरात, म्हणजे विनूच्या भाषेत, लिहिलंय: 'काढू नये. गुरुजी.'

*

नंबरांचा एक छोटा किस्सा. आमच्या धंद्यात रिवाज असा की जुनं मोडणारा बदल असेल तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवायचा, तीनची चार करायची. नुसती डागडुजी असेल तर मागचा आकडा वाढवायचा. विनू काही मोडूच देत नसल्यामुळे आमची तीन काही चार होईना. तीन-नऊ झाली, तीन-दहा झाली, वाढत वाढत तीन-सत्तावीसवर गेली. एका भल्या माणसाने ईमेल करून विचारलं, तीन सत्तावीस ही वेळ पहाटेची की दुपारची, आणि तिला काही विशेष योग आहे का?

मला हसू आलं नाही. मला चार-शून्य हवी होती.

*

आता बर्वे काका. ते चूक कळवतात तीही पत्र लिहून, 'स.न.वि.वि.'पासून 'कळावे'पर्यंत. एका रविवारी मात्र पत्र न लिहिता त्यांनी भिंतीवरच्या तीन दिनदर्शिका काढून टेबलावर पसरल्या. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ तिन्हींत जवळपास एकच होती, मिनिटभर इकडे नाहीतर तिकडे. घटकाची वेळ त्यांच्यापेक्षा अकरा मिनिटं उशिराची. मी म्हटलं, छापणारे चुकले असतील. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिघंही? आणि एकाच बाजूला? विनू उठून पाणी प्यायला आत गेला. हे मला नंतर आठवलं.

नुसत्या कागदावर काकांचा विश्वास नाही. पुढच्या संकष्टीला टॅक्सी करून ते वडाळ्याला गेले आणि मिठागरांच्या बाजूला, जिथे पूर्वेकडे काही आडवं येत नाही, तिथे दुर्बीण आणि थर्मास घेऊन उभे राहिले. गस्तीवरचा हवालदार आला. वय बघून त्याने अदबीने विचारलं की काका, इथे कुणाची वाट बघताय? काकांनी सांगितलं, चंद्राची. त्याला अकरा मिनिटं उशीर होतो असं एका ठिकाणी म्हणतात, ते खरं का बघायचंय. हवालदाराने आणखी अदबीने घरचा नंबर मागून घेतला. बर्वे काकूंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, उभे राहू द्या त्यांना, चंद्र आला की येतील घरी.

चंद्र आला. दिनदर्शिकेच्या वेळेवर. हवालदारानेही दुर्बिणीतून बघितला आणि त्याला बायकोची आठवण झाली, तिचा उपास होता. त्याने तिथूनच फोन लावला की मी डोळ्यांनी बघतोय, चंद्र निघालाय, तू जेवून घे. ती म्हणाली की तिच्या ॲपमध्ये अजून अकरा मिनिटं आहेत. त्याने परत सांगितलं, दुर्बिणीतून बघतोय गं! तिने विचारलं, दुर्बीण कुणाची?

ॲप कशावर चालतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

*

मी त्या रात्री कोड उघडला. चंद्रोदयाचं गणित विनूने फार सुंदर मांडलंय, एकेक पायरी मोकळी. आणि सगळं झाल्यावर अगदी शेवटी एक आगंतुक ओळ, 'अधिक ११'. शेजारी: 'हात लावू नये'. का, ते लिहिलेलं नाही.

रविवारी विचारलं. विनू म्हणाला, चालतंय ना? मग. एरवी मी आवाज चढवून मोकळी झाले असते, पण या वेळी मला खरंच राग आला होता. माझी मोठी मावशी संकष्टीला पाणीसुद्धा घेत नाही. सत्तरी उलटली, साखरेचं दुखणं आहे, ऐकत मात्र कुणाचं नाही. ती फोन हातात घेऊन दारात बसते आणि वेळ झाल्याशिवाय घोटभर पाणी पीत नाही. अशा किती जणी असतील? त्या सगळ्यांना दर महिन्याला अकरा मिनिटं आम्ही फुकट उपाशी ठेवत होतो, आणि कारण विचारलं तर हात लावू नये!

मी सरळ सांगितलं, "चार-शून्यमध्ये हे अकरा जाणार. ते नाही गेले तर मी जाणार."

बर्वे काका दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. विनू बराच वेळ बशीतला चिवडा निवडत होता. मग म्हणाला, चहा गार होतोय.

*

चार-शून्यची चाचणी आवृत्ती मी काढली. नुसती चाचणी, ज्याला हवी त्याने उचलून बघावी. त्यात ते अकरा नव्हते. मला वाटलं होतं, बायका दुवा देतील. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं!

पहिलं पत्र परळच्या एका महिला मंडळाकडून आलं, त्यांच्या ॲपवाल्याने चाचणी लगेच उचलली होती. त्यांचं म्हणणं असं की इतर सगळ्यांपेक्षा तुमची वेळ उशिराची, म्हणजे कडक, म्हणून आजवर आम्ही तीच पाळत आलो. आता तुम्हीही सैल झालात. मग पुढे एक वाक्य होतं, ते बर्वे काका अजून म्हणून दाखवतात. 'असेच चालू राहिल्यास पुढील वर्षी चंद्र दुपारच्या जेवणाला येईल अशी भीती वाटते.'

मी ते वाचून गॅलरीत सतरा फेऱ्या मारल्या.

दुसरा फोन कफ परेडच्या मच्छीमार नगरातून, किरण तांडेलचा. हा कोण ते आम्हाला माहीत नव्हतं. त्याने आपल्या वस्तीसाठी भरती-ओहोटीचं छोटंसं ॲप केलंय, त्याला चंद्राची वेळ लागते, ती तो घटकाकडून घेतो. तो म्हणाला, तुमच्या नव्या आवृत्तीने माझी वेळ अकरा मिनिटं आधीची दाखवली, मोठ्या भावाने सगळ्यांदेखत माझी अक्कल काढली. मी म्हटलं, असं होणारच नाही, आता तर वेळ बरोबर झालीय! तेव्हा खुलासा झाला. घटका अकरा मिनिटं उशिरा सांगते हे त्याने फार पूर्वीच ओळखलं होतं. म्हणून तो गुपचूप आपल्या बाजूने अकरा वजा करायचा. मी आमचे अकरा काढले, त्याचे वजा अकरा तसेच राहिले.

मी ओरडलेच, की इतकी वर्षं माहीत होतं तर सांगितलं का नाही? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुमचा चंद्र तसाच आहे."

विनूने फोन माझ्या हातातून घेतला, त्याची माफी मागितली आणि दोन तासांत मार्ग काढून दिला. कोडमध्ये चंद्रोदय आता दोन नावांनी; ॲपने जुन्या नावाने विचारलं तर जुनी वेळ मिळेल, नव्या नावाने विचारलं तर खरी. कुणाचं काही मोडणार नाही. बर्वे काकांनी टाळी वाजवली. मी नाही वाजवली. कारण नव्या नावाने कुणी विचारायलाच येणार नाही हे मला दिसत होतं. सगळी ॲपं जुन्याच नावाने विचारत राहणार, आणि मावशी दारात बसलेलीच राहणार. माझं मागणं एवढंच होतं की काही न सांगता विचारलं तर खरी वेळ मिळावी, आणि ज्याला जुनी हवी त्याने तसं सांगावं. तांडेलसारख्यांना आपण आधी कळवू, वर्षभर कळवू. पण खरं ते समोरच्या दारातून आलं पाहिजे.

विनू नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

*

शेवटी बर्वे काकांनीच विचारलं, आणि तेही भजी तळून झाल्यावर, बेताने. "विनायक, ते अकरा आले कुठून?"

मग विनूने सांगितलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याने चंद्रोदयाचं गणित बसवलं. आईची संकष्टी असायचीच. चाळीतल्या तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीत मायलेक उभे राहायचे, विनूच्या हातात घड्याळ. गणिताची वेळ यायची आणि जायची, चंद्राचा पत्ता नाही. आई मालवणीत म्हणायची, येतलो रे, घाई कित्याक? अकरा-एक मिनिटांनी चंद्र दिसायचा. सहा संकष्ट्या त्याने असंच मोजलं. दर वेळी अकराच्या आसपास. मग त्याने ठरवलं की पुस्तकातलं गणित कच्चं आहे, आणि अकरा मिळवले. सातव्या संकष्टीला चंद्र त्याने सांगितलेल्या मिनिटाला आला. आईने अख्ख्या माळ्याला सांगितलं, "माझ्या झिलान सांगितल्यान, तसो इलो." झिलान, म्हणजे मुलाने.

बर्वे काका पुढे सरसावून ऐकत होते.

दोन वर्षांनी एकदा गॅलरीत उभं असताना विनूच्या डोक्यात उजेड पडला. गॅलरीच्या समोर गिरणी होती. गिरणीच्या शेडचं लांबलचक छप्पर. चंद्र वेळेवरच उगवत होता, छपराच्या मागे. छप्पर चढून वर यायला त्याला अकरा मिनिटं लागत होती.

काका मोठ्याने हसले. अख्ख्या महाराष्ट्राचा चंद्र करी रोडच्या छपरामागे अडकला होता, हसण्यासारखंच होतं ते. पण विनू हसत नाही हे बघून ते थांबले.

विनू म्हणाला, "लोकांचं एक वेळ सांगता आलं असतं. पण ती सगळ्यांना सांगत फिरते गं, माझा मुलगा चंद्राची वेळ काढतो. चौदा वर्षं मी तिलाच दर महिन्याला जास्तीचं उपाशी ठेवलंय. हे तिला कसं सांगू?"

सहा वर्षं मी या माणसाशी भांडत होते आणि त्याला हट्टी समजत होते. तोंडात भजी होती, ती मी आधी संपवली.

ठरलं ते असं. पुढच्या संकष्टीला विनू आईला सांगणार. तिने ऐकून घेतलं की तिथेच, त्यांच्या घरी बसून मी चार-शून्य सोडणार, खरी वेळ समोरच्या दारातून. त्याने मला मुद्दाम यायला सांगितलं. तू समोर असलीस तर सांगेन, म्हणाला, नाहीतर परत टाळेन.

*

मी आठलाच पोचले. परब काकींनी, म्हणजे विनूच्या आईने, मला बसवलं, पाणी दिलं, स्वतः दिवसभर घेतलेलं नव्हतं. वय अठ्ठ्याहत्तर, पण मोदक त्यांनीच वळले होते, एकवीस. बाविसाव्या मजल्यावरची त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. खाली जिथे गिरणी होती तिथे आता गाड्यांचं पार्किंग आहे. शिवडीपर्यंत आणि पुढे पार खाडीपर्यंत मध्ये काही म्हणून येत नाही.

काकींच्या फोनमध्ये विनूने आधीच नवी आवृत्ती घालून ठेवली होती. वेळ नऊ चौदा. मी लॅपटॉप उघडून बसले होते, सगळं तयार, एक बटण दाबायचं बाकी. मला एका जागी बसवत नव्हतं. दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले. बर्वे काका वडाळ्याला उभे होते, कारण त्यांच्याशिवाय चंद्र उगवेल यावर त्यांचा भरवसा नव्हता.

नऊ चौदाला काकींचा फोन वाजला. त्याच मिनिटाला माझाही वाजला, काकांचा, निघाला म्हणून. आणि खिडकीत, खाडीच्या वर, तांबूस कड दिसली. मी आजवर इतकी अचूक गोष्ट बघितली नव्हती. आमचं गणित होतं ते!

विनू म्हणाला, "आये, वेळ झाली गे. चंद्र इलो."

काकी खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, मांडीवर पूजेचं ताट. "बघतंय मी," म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.

मग विनूने सांगितलं. सगळं, एका दमात, खाली बघत. की ती जुनी वेळ चुकीची होती, मी काढलेली, मध्ये गिरणीचं छप्पर होतं ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं तर बोललो नाही, आणि आता फोनमध्ये आहे ती खरी वेळ आहे. काकींनी ऐकलं. हं म्हणाल्या. रागावल्या नाहीत, नवलही वाटलं नाही. खिडकीबाहेर बघत तशाच बसून राहिल्या.

चंद्र पुरता वर आला. तांबूस होता तो पिवळा झाला. मोदकांवरची वाफ गेली. मी विनूकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये का? की आमच्यावर विश्वास नाही? फोन पालथा पडला होता आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या पाठीमागे होतं. मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला, उगाच.

मग काकी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. दिवा लावला, खिडकीतून चंद्राला हळदकुंकू दाखवलं, पळीने अर्घ्य दिलं, हात जोडले, आणि दिवसातला पहिला घोट प्यायल्या. मी घड्याळ बघितलं. नऊ पंचवीस.

त्यांनी तीन ताटं घेतली. माझ्यापुढचा उघडा लॅपटॉप बघून म्हणाल्या, तुझा काय ता आवरून घे गो, मोदक थंड झाले.

विनूला राहवलं नाही. "आये, चंद्र कधीचो इललो. तू बघलंस मा?"

काकी त्याच्या ताटात तूप वाढत होत्या. "बघलंय तर. तू लोकांका खरी वेळ सांग, बाबा. माझो चंद्र गिरणीवरसून येता."